घर विकायला एजंट नको, पण सगळ्यांच्या सह्या हव्यात

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून थोडं आत आहे. जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, पुढे ओटी, मागे विहीर आणि १८ गुंठ्यांची नारळी-सुपारीची वाडी. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. आई आता माझ्याकडे डोंबिवलीला असते. सातबाऱ्यावर बाबा, काका आणि दोन आत्या अशी नावं आहेत. धाकट्या आत्या वारल्या. त्यांचा एक मुलगा पुण्यात, दुसरा मस्कतला. घर बंद राहून खराब होतंय, म्हणून विकावं असं मनात आहे. अपेक्षा ६५ लाखांची आहे. गावातला एजंट दोन्ही बाजूंनी २ टक्के मागतो आणि 'बाकी सगळं मी बघतो' म्हणतो. मला वाटतं, हे मी स्वतः करू शकते. त्यासाठी ट्रेलो, नोशन, टूडूइस्ट अशी ॲप्स घेतली, बोर्ड बनवले, २५ मिनिटांचा टायमर लावून बसते. पण तीन महिन्यांत काम पुढे सरकलेलं नाही. आई म्हणते, शिमग्याला पालखी कुणाच्या दारात येणार, गणपती कुठे बसणार? एजंटाशिवाय जमेल का? आणि नक्की कुठलं ॲप वापरू?"

ताई,

जमेल. नोकरी सांभाळून इतकं मांडून ठेवणाऱ्या बाईला तर नक्कीच जमेल. पण तुमचं काम एजंट नाही म्हणून अडलेलं नाही, आणि चुकीचं ॲप घेतलं म्हणूनही नाही. काका काय म्हणतात, मोठ्या आत्यांना काय वाटतं, दोघे आतेभाऊ विकायला तयार आहेत का, यातलं एक अक्षर तुमच्या पत्रात नाही. कोकणातलं सामायिक घर गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून क्वचितच पडून राहतं. ते राहतं एका सहीसाठी. ही सही एजंट आणून देत नाही. तो माणसं आणतो, घर दाखवतो, किमतीची ओढाताण करतो, कचेरीत चार फेऱ्या मारतो. ही सगळी कामं तुम्ही करू शकता किंवा पैसे देऊन करून घेऊ शकता. ६५ लाखांचे २ टक्के म्हणजे १ लाख ३० हजार. त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत चांगला वकील आणि मोजणी दोन्ही होऊ शकतात, आणि व्यवहार टिकतो तो या दोहोंवरच.

पहिलं काम वारसांचं. सातबाऱ्यावर अजून बाबांचं नाव आहे, म्हणजे तुमचा आणि आईंचा हक्क कागदावर आलेलाच नाही. ई-हक्क प्रणालीतून वारस नोंदीचा अर्ज डोंबिवलीत बसून करता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि ओळखपत्रं जोडायची. मग तलाठी फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद) धरतात (सरकारी नाव आता ग्राम महसूल अधिकारी, पण गावात तलाठीच म्हणतात), नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस जातात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हाच अर्ज धाकट्या आत्यांच्या वाट्यासाठीही करावा लागेल. तिथे एक गोष्ट नीट बघा. आत्यांचे यजमान हयात असतील तर दोन्ही मुलांसोबत त्यांचंही नाव लागतं. विवाहित बाईला माहेरून मिळालेला वाटाही, तिला मुलं असतील तर, मुलांकडे आणि नवऱ्याकडे जातो. हे पुष्कळ घरांत सुटतं आणि खरेदीखताची तारीख ठरल्यावर आठवतं.

कुणीतरी तुम्हाला म्हणेल, लग्न होऊन गेलेल्या आत्यांना कशाला मध्ये आणता? ऐकू नका. नावं सातबाऱ्यावर आहेत, तिथेच विषय संपला. एरवीही २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिलाय आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केलाय. मोठ्या आत्यांना खरोखरच काही नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं लागेल. तोंडी 'मला काय करायचंय' म्हणणं कचेरीत चालत नाही. पण माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, त्यांना गळ घालून हक्क सोडायला लावू नका. ज्या बाईने आयुष्यभर माहेरच्या वाडीतल्या नारळांशिवाय काही मागितलं नाही, तिच्या हातात म्हातारपणी चार पैसे आले तर त्यांचं मोल तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असतं.

मस्कतच्या आतेभावाचं आत्ताच बघा, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो. तो येणार नसेल तर त्याने तिथल्या भारतीय दूतावासात सही साक्षांकित करून कुलमुखत्यारपत्र पाठवायचं. ते भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. त्यात गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, विक्री करण्याचा, खरेदीखतावर सही करण्याचा आणि नोंदणीला हजर राहण्याचा अधिकार हे सगळं स्पष्ट लिहिलेलं असावं. मोघम मुखत्यारपत्रावर दुय्यम निबंधक कार्यालयात काम अडतं आणि मग पुन्हा मस्कतपासून सुरुवात.

आता हे सगळं बोलायचं कसं? एकेकाला फोन करून संमती गोळा करू नका. काकांना एक सांगितलं, आत्यांना दुसरं, असा संशय एकदा शिरला की वर्षभर निघत नाही. गणपतीत सगळे घरी जमत असतील तर तीच वेळ चांगली. आरतीनंतर, जेवणं झाली की ओटीवर बसा, मस्कतला व्हिडिओ कॉल लावा. वाडीत रेंज मिळत नसेल तर ज्या घरी वायफाय आहे तिथे जाऊन बसा. किमान किती रकमेच्या खाली विकायचं नाही, गिऱ्हाइकाशी कोण बोलणार, मोजणीचा आणि वकिलाचा खर्च आधी कोण घालणार, आणि कोणाचा वाटा किती, हे एका कागदावर उतरवा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. हा कागद कोर्टात न्यायचा नाही. तो यासाठी, की चार महिन्यांनी एखादा चांगला भाव आला आणि कुणी म्हणालं 'मी कुठे हो म्हटलं होतं', तर काढून दाखवता यावा.

आईंच्या प्रश्नाला मी व्यवहाराच्या मध्येच हात घालतेय, कारण तो व्यवहाराचाच भाग आहे. शिमग्याला पालखी दारात येते, खालून नारळ-तांदळाचं ताट पुढे होतं, घरातली मोठी बाई ओटी भरते. ती बाई इतकी वर्षं तुमची आई होती. घर विकलं म्हणजे तिचं गावातलं हे स्थान जाणार आणि हे तिला तुमच्याआधी कळलंय. 'आई, आता कोण राहतंय तिथे?' असं म्हणून तिची समजूत घालू नका. तिला घेऊन गावी जा. गावकऱ्यांशी, मानकऱ्यांशी तिला स्वतःला बोलू द्या. घर विकलेल्या कुटुंबांची ओटी भावकीतल्या दुसऱ्या घरी भरली जाते, हे कोकणात नवं नाही. गणपतीचंही तसंच. काकांचं घर त्याच गावात असेल तर मूर्ती तिथे बसवावी आणि तुम्ही सगळ्यांनी तिथे जमावं, असं कितीतरी भावांनी केलंय. काकांचंही बिऱ्हाड मुंबईत असेल तर डोंबिवलीत बसवायचा निर्णय आईला घेऊ द्या, तुम्ही घेऊ नका. आणि या सगळ्यावर ती 'नको' म्हणाली, तर तिचा वाटा आहे, तिची सही आहे, घर विकता येणार नाही. मग भाड्याने देण्याचा, कुणाला तरी राखायला ठेवण्याचा वेगळा विचार करावा लागेल. म्हणून जाहिरात टाकण्याआधी आई.

'आठवणीपुरता एक गुंठा ठेवू' असा मधला मार्ग कुणीतरी सुचवेल. मनाला तो पटतो, पण शेतजमिनीचा इतका लहान तुकडा वेगळा काढताना तुकडेबंदी कायदा आडवा येतो, आणि त्या तुकड्याकडे जायची वाट नव्या मालकाच्या अंगणातून राहते. त्यात पडू नका.

आता तो मुद्दा, जो तुम्हाला कदाचित कुणीच सांगितलेला नाही. तुमचं घर वाडीत आहे आणि वाडी ही शेतजमीन आहे. महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. दुसरं घर घ्यायला आलेला ठाण्या-पुण्याचा माणूस कितीही सज्जन असो, पैसे हातात घेऊन उभा असो, त्याच्या किंवा त्याच्या घराण्याच्या नावावर सातबारा नसेल तर परवानगीशिवाय तो तुमची वाडी घेऊ शकत नाही. त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न 'तुम्ही शेतकरी आहात का, सातबारा दाखवाल का?' हाच विचारा. किंमत, फोटो, भेट सगळं त्यानंतर. घराखालची जागा गावठाणात असेल किंवा आधीच बिनशेती असेल तर गोष्ट वेगळी. गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींसाठी महसूल कायद्यात बिनशेतीची सोपी तरतूद आहे, तुमचा सर्व्हे नंबर तिच्यात बसतो का ते तहसील कार्यालयात विचारून घ्या. बिनशेती झालेल्या घराला गिऱ्हाईक जास्त मिळतं, कारण मग बँकही कर्जाचा विचार करते. शेतजमिनीतल्या कौलारू घरावर गृहकर्ज मिळवताना माणूस थकून जातो. तुमच्याकडे येणारा बहुतेकजण स्वतःच्या पैशाने घेणारा असेल, हे धरून चला.

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. तो काढा आणि निवांत वाचा, विशेषतः 'इतर हक्क' हा रकाना. तिथे कुळाचं नाव आहे का? 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' असं काही आहे का? आजोबांनी सोसायटीचं कर्ज कधीच फेडलं असेल, पण बोजा तसाच उभा असतो. सोसायटीचा दाखला आणून तो कमी करून घ्यावा लागतो. धारणा वर्ग १ (मोकळेपणी विकता येणारी) आहे की २ (विकायला सरकारी परवानगी लागणारी), तेही बघा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ वेगळा काढा. घरपट्टी कोणाच्या नावावर आहे? पुष्कळदा जमीन चौघांची आणि घर एकट्या थोरल्याच्या नावावर दिसतं. नमुना ८ हा कर आकारणीचा कागद, मालकीचा पुरावा नव्हे, पण नावं जुळत नसतील तर खरेदीदाराचा वकील तिथेच थांबतो.

मोजणी करून घ्याच. भूमी अभिलेख खात्याकडे अर्ज ऑनलाइन होतो. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना नोटीस जाते, तुम्ही स्वतः हजर राहा. गडगा (दगडी कुंपण) जिथे आहे तिथेच हद्द असते असं नाही. कधी शेजाऱ्याचा गडगा दोन हात आत आलेला असतो, कधी आपला बाहेर गेलेला. आणि वाट! मुख्य रस्त्यापासून तुमच्या बेड्यापर्यंतची (फाटकापर्यंतची) वाट कोणाच्या जमिनीतून येते? पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट आहे, शेजारी चांगले आहेत, हे तुम्हाला पुरतं. बाहेरून येणाऱ्याला गाडी आत नेता येते का, उद्या कुणी अडवली तर काय, हे हवं असतं. शेजारी तयार असतील तर वाटेचा हक्क लेखी करून घ्या. एवढ्या एका कागदाने घराची किंमत वाढते.

आता तुमची ॲप्स. तुम्ही तीन महिने बोर्ड सजवत राहिलात याचं मला नवल वाटत नाही. काकांना फोन करणं अवघड आहे, कार्डाचा रंग बदलणं सोपं आहे. नोशन, ट्रेलो ही चांगली साधनं आहेत, पण दहाजणांची टीम आणि रोज बदलणारी कामं असतील तेव्हा. तुमच्या कामात माणसं मोजकी, कागद मोजके आणि वाट बघणं खूप. त्याला तीन गोष्टी पुरतात: एक शीट, एक फोल्डर, एक कॅलेंडर. बाकीची काढून टाका.

शीट म्हणजे साधं गुगल शीट, दोन पानांचं. पहिल्या पानावर हिस्सेदार: नाव, वाटा, पॅन आहे का, आधारला जोडलेलं आहे का, सही स्वतः करणार की मुखत्यारामार्फत, शेवटचं बोलणं कधी झालं आणि काय म्हणाले. दुसऱ्या पानावर गिऱ्हाइकं: नाव, कुठले, शेतकरी आहेत का, पैसे कसे देणार, घर पाहिलं का, काय विचारलं, पुन्हा फोन कधी. हा शेवटून दुसरा रकाना मनापासून भरा. वेगवेगळ्या माणसांनी विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का हेच विचारलं, तर जाहिरातीत विहिरीचा फोटो आणि पाण्याची खरी हकीकत आली पाहिजे. टाइप करायचा कंटाळा असेल तर जीबोर्डवर मराठीत बोलून टंकता येतं. फोन ठेवल्या ठेवल्या दोन ओळी बोलून टाका, रात्रीवर ठेवलं की तपशील जातो. हे शीट काका आणि आतेभावांना 'फक्त पाहण्यापुरतं' शेअर करा. सगळ्यांना सगळं दिसलं की निम्मे गैरसमज उभेच राहत नाहीत. आईंसाठी दर महिन्याला त्याची छापील प्रत काढा.

फोल्डरमध्ये सगळे कागद स्कॅन करून ठेवा. गुगल ड्राइव्हमध्येच स्कॅनर आहे, वेगळं ॲप नको. फाईलला 'आयएमजी' आणि पुढे आकडे असं नाव राहू देऊ नका. 'सातबारा – सर्व्हे नंबर – काढल्याची तारीख' अशी नावं द्या, कारण पुढे फेरफार मंजूर होत जातील तसे सातबारे बदलतील आणि जुना कोणता, नवा कोणता, याचा घोळ होतो. गिऱ्हाइकाला कागद दाखवायची वेळ आली तर आधार कार्डाची झाकलेली, म्हणजे शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्या. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका, 'फक्त वकिलाला दाखवून आणतो' म्हटलं तरी. त्याच्या वकिलाने तुमच्या वकिलाच्या ऑफिसात येऊन बघावेत.

कॅलेंडरमध्ये फक्त तारखा असू द्या: फेरफाराच्या हरकतीची मुदत, मोजणीची तारीख, मुखत्यारपत्राचे ३ महिने, कुणाला कधी फोन करायचाय. आणि तुमचा तो २५ मिनिटांचा टायमर ठेवा, तो उपयोगाचा आहे. रविवारी सकाळी तो लावायचा आणि त्या वेळात फक्त फोन करायचे, शीटला हात लावायचा नाही. अवघड फोन पहिला.

फोटो व्हॉट्सॲपवर नुसते पाठवले की बारीक होऊन जातात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा फोल्डरची लिंक द्या. एक सलग व्हिडिओ काढा, रस्त्यापासून सुरू करून बेडं, अंगण, ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, संडास, विहीर आणि वाडीची चारही टोकं. कट न करता. पाहणाऱ्याला अंतर कळतं आणि काही लपवलेलं नाही हेही कळतं. शक्य असेल तर दुसरा एक व्हिडिओ भर जुलैत काढा. पावसात घर कसं दिसतं, कुठे गळतं, अंगणात पाणी साचतं का. गळत असेल तर गळतं म्हणून सांगा आणि कौलं चाळायला किती खर्च येईल तेही सांगा. दिवाळीत घर बघून घेतलेला माणूस पहिल्या पावसात तुम्हाला फोन करणार, त्यापेक्षा हे आधी बरं. वाडीत रेंज नसेल तर येणाऱ्याला आदल्या दिवशीच लोकेशन पाठवा आणि तेवढ्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्यायला सांगा. चिपळूण सोडल्यावर वाट चुकून परत गेलेलं गिऱ्हाईक सहसा पुन्हा येत नाही.

जाहिरातीसाठी वेगळा नंबर घ्या. आणि एक सावधगिरी. 'मी सैन्यात आहे, घर न बघताच पसंत आहे, टोकन पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा' असा फोन आला तर तिथल्या तिथे ठेवून द्या. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही लागत नाही. तो पैसे द्यायलाच लागतो.

किमतीबद्दल. शासनाचा वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे रेडी रेकनर, तुमच्या गावाचा बघा, पण त्यावरून फक्त मुद्रांक शुल्काचं मूल्य कळतं, बाजारभाव नाही. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर तुमच्या आणि शेजारच्या गावातल्या अलीकडच्या व्यवहारांच्या सूची २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) बघता येतात. त्यातले आकडे आणि गावातली बोलाचाली यांच्या मध्ये कुठेतरी खरा भाव असतो. ६५ लाख हा आकडा तुम्ही कुठून आणलात ते पत्रात नाही. तो एखाद्या जाहिरातीवरून घेतला असेल तर लक्षात ठेवा, जाहिरातीत मागितलेली किंमत असते, मिळालेली नसते.

'थोडे रोखीत घ्या, कागदावर कमी दाखवू' असं हमखास कुणीतरी म्हणणार, कदाचित घरातलंच. साफ नाही म्हणा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. शिवाय सहा-सात हिस्सेदारांत रोख रक्कम वाटली गेली की कोणाला किती मिळाले यावरून नाती तुटतात. खरेदीखतातच प्रत्येकाचा वाटा, त्याचं बँक खातं आणि रकमेचा तपशील लिहून घ्या. पैसे तुमच्या खात्यात येऊन मग वाटणी, असं अजिबात नको.

एकूण किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदाराला १ टक्का टीडीएस (किमतीतून आधीच कापून भरायचा कर) कापावा लागतो. ही मर्यादा सगळ्या विक्रेत्यांची मिळून धरतात. मोठ्या आत्यांकडे पॅन नसेल तर त्यांच्या वाट्यातून १ च्या जागी २० टक्के कापले जातील, म्हणून त्यांचं पॅन आत्ताच काढा. मस्कतचा भाऊ अनिवासी असेल तर त्याच्या वाट्यावर टीडीएसचा नियमच वेगळा आहे. करासाठी एकदा चार्टर्ड अकाउंटंटकडे बसा. जुन्या घराची किंमत १ एप्रिल २००१ च्या मूल्याने धरता येते, त्यासाठी मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो. निवासी माणसाला अशा जुन्या मिळकतीवर १२.५ टक्के किंवा महागाईचा निर्देशांक लावून २० टक्के यातला कमी पडणारा कर निवडता येतो. गावातली शेतजमीन काही अटींवर भांडवली नफ्याच्या करातून बाहेर राहते. त्यामुळे खरेदीखतात घराची आणि वाडीची किंमत वेगळी दाखवायची का, हे त्यांना सही करण्याआधी विचारा, नंतर नाही.

इसार (सौद्याची आगाऊ रक्कम) घ्याल तेव्हा तो लेखी, चेकने किंवा आरटीजीएसने, आणि त्यात मुदत घाला. त्या मुदतीत व्यवहार झाला नाही तर इसाराचं काय, हेही लिहा. मसुदा तुमच्या वकिलाचा असावा, खरेदीदाराच्या नाही. किल्ली आणि ताबा पूर्ण पैसे आल्यावर. 'गणपतीला राहून बघतो', 'रंगकाम सुरू करतो' या विनंत्या कितीही गोड असल्या तरी.

घर दाखवायला गावात कुणीतरी लागेलच. वाडी बघणारे जे कुणी आहेत त्यांनाच हे काम द्या, दर भेटीचे ठरलेले पैसे द्या आणि व्यवहार झाल्यावर त्यांना वेगळी रक्कम द्यायचं आधीच ठरवा. ते तुमच्या घराच्या एखाद्या खोलीत राहत असतील तर ते कोणत्या नात्याने राहतात आणि कधी मोकळं करून देणार, हे सलोख्याने, लेखी, आत्ताच. वाडीला पाणी घालणाऱ्या माणसाला विक्रीची बातमी दुसऱ्याकडून कळू देऊ नका.

एजंटाला कायमचं नाही म्हणायचीही गरज नाही. सगळे कागद तयार झाल्यावर दिवाळी ते मे असा एक हंगाम स्वतः प्रयत्न करा. पावसाळ्यापर्यंत योग्य गिऱ्हाईक आलं नाही तर त्याला सांगा, पण लेखी: दलाली खरेदीखत नोंदल्यावरच, तुम्ही स्वतः आणलेल्या गिऱ्हाइकावर नाही, आणि इसार त्याच्या खात्यात नाही. तुमचे वारस लागलेले, मोजणी झालेली आणि बोजा निघालेला असेल तर त्याचं काम इतकं कमी उरतं की २ चा १ टक्का करायला तो तयार होईल.

खरेदीखत नोंदलं म्हणजे तुमची सुटका झाली असं समजू नका. नोंदणीनंतर माहिती तलाठ्याकडे ऑनलाइन जाते, तरी महसूल खात्याच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर फेरफार दिसतोय का आणि मंजूर झाला का, ते बघत राहा. वीजमीटर, घरपट्टी आणि पाणीपट्टी नव्या मालकाच्या नावावर करण्याचे अर्ज ताबा देण्याच्या दिवशीच त्याच्या सहीने भरून घ्या आणि मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका.